येलो लाइनचा पहिला डबा

दिल्ली मेट्रोत सूचनांना खंड नसतो. दारांपासून लांब उभे राहा, गाडी आणि फलाटामधल्या फटीकडे लक्ष द्या, डब्यात खाली बसू नका, बेवारस वस्तूला हात लावू नका. आधी हिंदीत एक धीरगंभीर पुरुषी आवाज, त्यामागून इंग्रजीत एका बाईंचा. शम्मी नारंग आणि रिनी सायमन खन्ना यांचे हे आवाज, दूरदर्शनच्या बातम्या ऐकत मोठे झालेल्यांच्या ओळखीचे. त्याच रांगेत एक सूचना अशी असायची, की अनोळखी व्यक्तींशी मैत्री करू नका. मी शहरात नवी होते तेव्हा ती ऐकून आजूबाजूला पाहिलं. डबा भरून अनोळखी व्यक्ती होत्या आणि मैत्री करावी असा एकीचाही चेहरा नव्हता. ही सूचना नक्की कुणासाठी आहे ते कळेना.

हळूहळू कळलं. दिल्लीचा माणूस गाडीत चढतो तोच मुळी प्रश्न घेऊन. ‘ये हुडा जाएगी?’ गुरुग्रामच्या टोकाच्या स्टेशनाचं नाव 2023 मध्ये मिलेनियम सिटी सेंटर झालं, पण लोकांच्या तोंडी हुडा ते हुडाच. (रेसकोर्सचं लोक कल्याण मार्ग 2016 मध्येच झालं, तेही अजून कितीतरी जणांना ‘वो रेसकोर्स वाला’ असंच सांगावं लागतं.) काही गाड्या कुतुब मीनारपर्यंतच जातात आणि तिथे सगळ्यांना उतरवून मोकळ्या होतात, म्हणून लगेच पुढचा प्रश्न, ‘पूरी जाएगी या क़ुतुब तक?’ दाराच्या वर नकाशा आहे, फलाटावर पाटी आहे, आवाज तर सांगतच असतो. तरी माणूस माणसालाच विचारणार. एकाने ‘हाँ, जाएगी’ म्हटलं की दुसरा, ज्याला कुणी विचारलेलं नसतं तो, ‘नहीं नहीं, अगली वाली’ म्हणतो. मग तिसरा पडतो मध्ये. एका प्रश्नावर दोन-तीन स्टेशनं निघून जातात. विचारणारा मात्र पहिल्या उत्तरावर भरवसा ठेवून केव्हाच निवांत झालेला असतो.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मालवीय नगरला चढायचं आणि विश्वविद्यालयला उतरायचं, हा माझा रोजचा रस्ता. जायला चाळीसएक मिनिटं लागतात आणि ती सगळी जमिनीखाली जातात. हा मार्ग तुकड्यातुकड्याने झाला. विश्वविद्यालय ते काश्मिरी गेट 2004 च्या डिसेंबरात, तिथून केंद्रीय सचिवालयापर्यंत 2005 च्या जुलैत, आणि आमच्या बाजूचा दक्षिणेकडचा भाग 2010 च्या सप्टेंबरात, राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर. रोज मी एम्सच्या, मंत्रालयांच्या, चांदनी चौकाच्या खालून जाते आणि त्यातलं काहीही मला दिसत नाही. डोंबिवलीहून मुंबईला जाताना खाडी दिसायची, पारसिकचा बोगदा यायचा, कुणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय हेसुद्धा दिसायचं. इथे काचेबाहेर काळोख, त्यामुळे काचेत आपलेच चेहरे. समोरच्या बाईकडे थेट बघणं बरं दिसत नाही म्हणून आपण तिला काचेत बघतो, आणि कधीकधी ती आपल्याला काचेत बघत असते. मग दोघी एकदमच फोन काढतात.

डोंबिवलीचा विषय निघालाच आहे तर आईच्या गाडीबद्दल सांगते. आईची गाडी म्हणजे 8.12 ची. तिला वेळ होती, ठरलेला डबा होता, डब्यातलं ठरलेलं दार होतं. त्या दारातल्या बायकांनी एकमेकींची बाळंतपणं, बदल्या, सासूची आजारपणं, मुलींची लग्नं असं सगळं पाहिलं. संध्याकाळच्या गाडीत भाजी निवडून व्हायची. संक्रांतीनंतर डब्यात हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण आणि पेढे. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचं, हा तर कायदाच. आई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, अजून त्यांच्यातल्या कुणाकडे कार्य असलं की आईला पहिला फोन येतो आणि आई आम्हाला सांगते, ‘गाडीतली आहे.’ नातेवाईक, शेजारी आणि गाडीतल्या असे आमच्या घरी माणसांचे तीन प्रकार होते.

मला वाटायचं, दिल्लीत असं होत नाही कारण दिल्लीची माणसं कोरडी. इथे राहून मत बदललं. कारण फार साधं आहे. मेट्रो गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांनी येते. एक चुकली तर दुसरी समोर उभी. तिला वेळेचं नाव नाही, त्यामुळे कुणाची ‘आपली’ गाडीच नाही. आईची 8.12 चुकली की पुढची गाडी परक्यांची होती, तिथे दारात जागा मिळायची नाही आणि चौथी म्हणून कुणी सरकायचं नाही. तो धाक होता म्हणून रोज तीच माणसं भेटायची. रोज तीच भेटली की बोलणं आलंच, भांडणही आलं. मेट्रोने हा धाकच काढून टाकला. सोय झाली. पण मी रोज त्याच वेळी घरून निघते, त्याच डब्यात चढते, आणि कालचा एकही चेहरा आज नसतो. इथे जे काय व्हायचं ते एकदाच होतं.

डबा मात्र पहिलाच. गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेचा पहिला डबा 2010 च्या ऑक्टोबरपासून बायकांसाठी राखीव आहे. फलाटावर त्या जागी गुलाबी पाट्या असतात. आता यावर मी जरा स्पष्ट बोलणार आहे. प्रवासात अनोळखी माणसाशी गप्पा होणं ही गोष्ट पुरुषांच्या लेखनात फार रम्य असते. सहज नजरानजर झाली, सहज बोलणं निघालं. बाईच्या बाबतीत या ‘सहज’ला फार अटी असतात. मी साध्या डब्यात असते तेव्हा पिशवी पुढे घेते, कोपर बाहेर काढते, आणि कुणी वेळ विचारली तरी त्याच्याकडे न बघता सांगते. ही काही दिल्लीला दिलेली शिवी नाही, मुंबईतही मी हेच करायचे. पण 2012 च्या डिसेंबरात मुनिरकाहून बसमध्ये चढलेल्या मुलीचं जे झालं, त्यानंतर या शहरात प्रत्येक घरातून मुलीला निघताना एक वाक्य सांगितलं जायला लागलं, ‘मेट्रो से आना.’ पहिल्या डब्यात बायका बोलतात त्याच्या मागे हे सगळं आहे. तिथे खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या परक्या मुलीला कुणी उठवत नाही. सातजणींच्या बाकावर आठवी ‘थोड़ा खिसकना’ म्हणते आणि सातही जणी कपाळाला आठ्या घालत का होईना, सरकतात. फक्त इथे आठवीला जागा मिळाल्यावर कुणी तिचं नाव विचारत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या डब्याच्या मध्ये दार नसतं. डबे आतून जोडलेले, नुसती एक हलणारी गल्ली. ही सीमारेषा दिल्लीतल्या फार मजेच्या जागांपैकी एक आहे. या बाजूला बायको, त्या बाजूला नवरा. बायकोला बसायला जागा मिळाली म्हणून ती आत आली, आणि पाण्याची बाटली, पोरगं किंवा भांडण राहिलं त्याच्याकडे. मग रेषेवरून देवाणघेवाण चालते. कॉलेजातली जोडपी तर मुद्दाम रेषेवर उभी असतात, ती इकडे, तो तिकडे, दोघांचे हात मधल्या एकाच दांड्यावर.

एकदा सकाळी त्या रेषेच्या अलीकडे एक बाई माझ्या शेजारी बसली होती. साठीची असेल. साडीच्या दुकानाच्या पिशवीत एक्सरेचं मोठं पाकीट, आणि ती पिशवी तिने दोन्ही तळहातांवर आडवी धरलेली. नवरा रेषेपलीकडून दर स्टेशनाला हाक मारत होता, ‘अभी नहीं! अभी नहीं!’ दरभंग्याकडचे होते, गुरुग्रामात भाच्याकडे उतरलेले. एम्सला चालले होते हे सांगायची गरज नव्हती. येलो लाइनवर पिशवीत असं पाकीट असलं की उतरायचं स्टेशन कळतंच. तिने मला एक कागद दिला आणि म्हणाली, ‘जरा तारीख पढ़ दीजिए.’ तारीख म्हणजे एम्सची तारीख. हा शब्द त्या इस्पितळाच्या भोवतीच्या फुटपाथांवर, धर्मशाळांमध्ये, चहाच्या टपऱ्यांवर सारखा ऐकू येतो. तारीख मिळाली, तारीख पुढे गेली, तारीख घेऊन गावी गेलो आणि परत आलो. मी वाचली. त्याच दिवसाची होती. तिने मान डोलावली, कागद घडी करून ठेवला. पुढच्या स्टेशनाला तोच कागद काढून तिने समोर उभ्या असलेल्या मुलीला दिला, ‘बेटी, जरा तारीख पढ़ दो.’

मग माझ्याकडे वळली. ‘आपका कौन भर्ती है?’

कुणी नाही म्हटलं.

‘तो इतना सबेरे?’

नोकरी आहे, म्हटलं. तिने मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. या गाडीतल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी भरती असणार असा तिचा हिशेब होता आणि माझ्यामुळे तो चुकत होता. ग्रीन पार्क गेलं. पलीकडून नवऱ्याने हाक मारली, ‘अब! अब!’ ती उठली, पिशवी पुन्हा तळहातांवर घेतली आणि जाता जाता मला म्हणाली, ‘आप भी एक बार दिखा लीजिए। बहुत दुबली हैं।’

दार मिटेपर्यंत माझं हसू मी आवरलं. दार मिटल्यावर समोरच्या मुलीला मात्र आवरलं नाही.

साडीची गोष्ट आता सांगायलाच हवी, कारण ती मी ज्याला त्याला सांगत असते. दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना निरोप देण्याचा समारंभ असतो, फेअरवेल. त्या दिवशी मुली साडी नेसतात, बऱ्याचजणी आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्या तशाच मेट्रोने येतात. असल्या दिवसांत पहिल्या डब्यात नुसता रंग उसळलेला असतो. पायात मात्र बूट, कारण सँडल पिशवीत.

हौज खासला एक मुलगी चढली ती डाव्या मुठीत निऱ्यांचा बोळा धरून. मॅजेंटा लाइनीवरून बदलून आली होती आणि हौज खासचे ते उंचच्या उंच सरकते जिने तिच्या निऱ्यांना मानवले नव्हते. साडी शिफॉनची, आईची. डोळे भरलेले, पण काजळामुळे रडायची सोय नाही. दाराजवळ उभी राहून ती एकाच हाताने फोनवर कुणाला तरी सांगत होती, ‘मम्मी, सब खुल गया।’

डब्यातल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. दिल्लीत मदतीची सुरुवात सल्ल्याने होते, तशी झाली. ‘अंदर खोंस लो’, ‘पिन नहीं लगाई थी क्या?’, ‘पेटीकोट ढीला बाँधा होगा।’ मुलगी आणखी भेदरली. मी उठले. मराठी आहे म्हटल्यावर इथल्या बायकांना वाटतं मी जन्मतःच नऊवारी नेसून आले (‘वो धोती वाली आती है ना आपको?’ हा प्रश्न मला ऑफिसातही विचारला गेलेला आहे). नऊवारी मला काही येत नाही. पण पाचवारीच्या निऱ्या मी झोपेतसुद्धा घालू शकते.

वेळ कमी होता. राजीव चौकाला जी गर्दी आत घुसते तिच्यात साडी नेसवणं तर सोडा, नेसलेली टिकवणं अवघड. म्हणजे त्याच्या आधी सगळं उरकायला हवं. हिशेब माझ्या एकटीचा नव्हता, डब्यातल्या प्रत्येकीने तो मनात केला असणार, कारण एम्स यायच्या आत दोन मुलींनी आपापल्या ओढण्या ताणून रेषेच्या बाजूने पडदा धरला. एका बाईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून सेफ्टी पिनांचा झुबका काढला. त्या बँकेत असाव्यात, गळ्यात ओळखपत्र होतं, पण त्यांनी ते उलटं फिरवून ठेवलेलं. आयएनएला परकराची नाडी पुन्हा आवळली. ‘सांस ले सकती है?’ ‘हाँ।’ ‘तो और कस।’ हे एका सरदारणी आजींचं. त्या बसल्या जागेवरून सूत्रं हलवत होत्या. पदर किती लांब असावा यावर त्यांचा आणि बँकेतल्या बाईंचा मतभेद झाला. आजींना गुडघ्याच्या खालपर्यंत हवा होता. बँकवाल्या म्हणाल्या, पोरगी पायऱ्यांवर पाय अडकून पडेल. मुलीला कुणी विचारलं नाही.

जोर बागेला मी खाली बसले. निऱ्या खालून सारख्या करायच्या तर दुसरा इलाज नसतो, पायाशी बसून त्या ओढाव्याच लागतात. शिफॉन हातात ठरत नाही. वरून मुलीने एक एक निरी बोटांत धरायची, खालून मी तिला सरळ करायची, गाडी वळण घेते तेव्हा दोघींनी थांबायचं. मी जमिनीवर बसलेली असताना वरून तो धीरगंभीर आवाज म्हणाला की कृपया फर्शवर बसू नये. सगळा डबा हसला. मुलगीसुद्धा हसली आणि तीन निऱ्या पुन्हा सुटल्या.

उद्योग भवनला निऱ्या खोचल्या. केंद्रीय सचिवालयाला वॉयलेट लाइनची माणसं आत आली, पडदा धरलेल्या मुली भिंतीला दाबल्या गेल्या, पण त्यांनी ओढण्या सोडल्या नाहीत. पटेल चौकाला खांद्यावरची पिन लागली. पदर आजींच्या मापाचाच ठेवला, कारण वाद घालायला स्टेशनं उरली नव्हती. राजीव चौकाला दार उघडलं आणि जी लाट आली तिने आम्हाला चार दिशांना नेऊन टाकलं. आजी उतरल्या की आत राहिल्या ते दिसलं नाही. बँकवाल्या बाई बाराखंभ्याकडे गेल्या असतील. विश्वविद्यालयला उतरताना जिन्यावर मला वीसएक पायऱ्या पुढे ती साडी दिसली, आकाशी. निऱ्या जागच्या जागी होत्या. मुलीने मागे वळून पाहिलं नाही, तिला मैत्रिणी भेटल्या होत्या, आणि त्या सगळ्या मिळून तिचे फोटो काढत होत्या. मुलीने मला ‘थैंक यू आंटी’ म्हटलं होतं, ते आंटी मी त्या दिवसापुरतं चालवून घेतलं.

आईला फोनवर हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, ‘नाव काय तिचं?’ नाव मला माहीत नव्हतं. आईला ही गोष्ट अर्धवट वाटली. गाडीतली असून नाव माहीत नाही म्हणजे काय!

पुरुषांच्या डब्यातली, म्हणजे साध्या डब्यातली, एकच भेट सांगण्याजोगी आहे. भाऊ आला होता. त्याला चांदनी चौक दाखवला, पराठे खाऊ घातले, आणि चादरी घेतल्या. रात्री परतताना आम्ही दोघं चांदनी चौकाच्या स्टेशनावर चढलो. चादर चारशेला घेतली ती महाग की स्वस्त, यावर आमचं चाललं होतं. मराठीत अर्थातच, आणि दिल्लीत मराठीत बोलताना आपण जरा मोठ्यानेच बोलतो, कुणाला कळतंय म्हणून. समोरच्या बाकावरचा माणूस पुढे वाकून म्हणाला,

‘ताई, चारशेला घेतली म्हंजे लुटलं की तुमास्नी.’

आम्ही गप्प. मग तिघंही हसलो. पन्नाशीतला माणूस, पांढरा शर्ट, कपाळावर अष्टगंध, बोटांची टोकं काळवंडलेली. त्याने लगेच विचारलं, ‘गाव कुठलं म्हनायचं?’

‘डोंबिवली.’

‘ते ऱ्हायाचं झालं. गाव कुठलं?’

भाऊ म्हणाला, वाईजवळ. ‘मग आपलीच मानसं हायसा. पाचवडला दिलीया माझी आत्या.’

तो होता खानापूर तालुक्यातला, गलाईवाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सराफाकडचं जुनं सोनं, तुटके दागिने, कारागिराच्या हातून सांडलेला कीस, सगळं मुशीत घालून आटवायचं, तेजाबातून काढायचं आणि शुद्ध करून द्यायचं. दक्षिणेत म्हणू नका, बंगालात म्हणू नका, जिथे सराफबाजार आहे तिथे एखाद्या बोळात ही माणसं भट्टी लावून बसलेली असतात. दिल्लीत चांदनी चौकात आणि करोल बागेत आहेत हे मला ऐकून माहीत होतं. भेटला पहिल्यांदाच.

राजीव चौकाला तो उतरणार होता, करोल बागेकडे जायला ब्लू लाइन धरायची म्हणून. चांदनी चौक ते राजीव चौक मध्ये दोनच स्टेशनं, चावडी बाजार आणि नवी दिल्ली. तेवढ्यात त्याने चुलत्याबरोबर चौदाव्या वर्षी दिल्लीला आलो ते सांगितलं, आता स्वतःची भट्टी आहे ते सांगितलं, पोरगा इंग्रजी शाळेत जातो आणि आजीशी फोनवर हिंदीत बोलतो याची तक्रार केली, द्राक्षबाग लावलीय पण पाण्याचं खरं नाही हे सांगितलं. चावडी बाजारला लग्नपत्रिकांचे गठ्ठे घेऊन दोन माणसं चढली, ती आमच्या मध्ये उभी राहिली, तर हा त्यांच्या काखेखालून बोलत राहिला. भावाला म्हणाला, ‘दसऱ्याला या विट्याला. पालख्यांची शर्यत बघा. सारी गलाईवाली मानसं येत्यात गावाकडं.’ भावाने पत्ता विचारला. ‘पत्ता कशाला? दिल्लीवाल्याचं घर कुठलं म्हनून इचारा. आमच्या गल्लीत येक दिल्लीवाला, येक मद्रासवाला आन् दोन कलकत्तेवाले हायती.’

नवी दिल्ली स्टेशन गेलं तसा तो उठला. फोन नंबर त्याने मागितला नाही, आम्हीही नाही. दारात उभा राहून त्याने चादरींच्या पिशवीकडे बोट केलं आणि भावाला म्हणाला, ‘अडीचशे. त्याच्या वर येक रुपया देऊ नगा.’

भाऊ विट्याला गेलेला नाही. पण चादरीचा विषय निघाला की तो अडीचशेच म्हणतो.

2020 मध्ये मार्चच्या 22 तारखेला मेट्रो बंद झाली ती थेट सप्टेंबरच्या 7 तारखेला उघडली, आणि उघडली तेव्हा पहिली आमचीच येलो लाइन सुरू झाली. एका आड एका जागेवर ‘इथे बसू नका’चे स्टिकर लावले होते. डब्यात इतकी शांतता की सूचना पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू आल्या. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. कुणी कुणाला हुडा जाएगी का विचारत नव्हतं, कारण ज्याला जायचंच होतं तोच आलेला होता.

वर म्हटलं की मेट्रोत तेच माणूस दुसऱ्यांदा भेटत नाही. या माझ्या सिद्धांताला एक अपवाद आहे आणि तो मला अजून सतावतो.

एक बाई होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस आखूड, खादीचा कुर्ता. हातातल्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, शाळकरी पोरं घालतात तसं, कोपरे दुमडून. माझा धंदाच पुस्तकांचा असल्यामुळे दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक कुठलं ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि कव्हर घालणाऱ्या माणसांचा म्हणूनच राग येतो. त्या पुस्तक आधी जवळ धरत होत्या, मग लांब, मग आणखी लांब. शेवटची काही पानं राहिली होती. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘आपका नंबर क्या है?’

मी दचकले. त्यांनी माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. जवळचा चष्मा, प्लस दीड. सांगितलं.

‘दो मिनट देंगी? घर भूल आई। काश्मिरी गेट पे उतरना है और तीन पेज रह गए हैं।’

चष्मा असा कुणी मागतं का? पण तीन पानं राहिली असताना उतरावं लागणं म्हणजे काय हे मला कळतं. मी काढून दिला. त्यांनी घातला, वाचायला लागल्या. चावडी बाजार गेलं, चांदनी चौक गेलं. चष्म्याशिवाय मला हातातला फोन धूसर दिसत होता. काश्मिरी गेटच्या आधी त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा कुर्त्याच्या टोकाने पुसून परत दिला, आणि एवढंच म्हणाल्या, ‘मर गया।’

उतरल्या. कोण मेला, कुठल्या पुस्तकात, काही कळलं नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्या मला पुन्हा दिसल्या. समोरच्याच बाकावर. पुन्हा वर्तमानपत्राचं कव्हर, पण पुस्तक जाड. नाकावर स्वतःचा चष्मा. मला फार आनंद झाला. आईच्या डब्यातल्यासारखं वाटलं, आपली एक ‘गाडीतली’ झाली. शेजारची जागा रिकामी झाल्यावर मी उठून तिथे गेले आणि हसून म्हटलं, ‘आज चश्मा लाई हैं?’

त्यांनी पुस्तकातून वर पाहिलं. ‘जी?’

‘उस दिन आपने मेरा चश्मा लिया था। तीन पेज रह गए थे।’

‘नहीं,’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आप किसी और को समझ रही हैं।’ आणि पान उलटलं.

माझे कान तापले. त्याच होत्या. केस तेच, कुर्ता तोच म्हणता येईल असा, कव्हराचे कोपरे तसेच दुमडलेले. पण आता वाद कसा घालायचा? मी फोन काढला आणि नसलेले मेसेज वाचायला लागले. मनात म्हटलं, बरोबरच आहे. एका भेटीत चष्मा मागता येतो. दुसऱ्या भेटीत मग नाव सांगावं लागतं, राहता कुठे ते सांगावं लागतं, रोज दिसलो तर रोज हसावं लागतं. त्यांना नसेल ते नको असेल. आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, शिष्ट आहे बाई.

नवी दिल्ली. चावडी बाजार. चांदनी चौक. त्या वाचत होत्या, मी स्क्रीनवर बोट फिरवत होते. काश्मिरी गेटची सूचना झाली. त्यांनी पानात तिकिटाचा कागद घालून पुस्तक मिटलं, चष्मा काढून पिशवीत टाकला, उठल्या आणि दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडायच्या बेतात असताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

‘इसमें नहीं मरता।’